फ्रेंचमधला 'झालेलं असेल' वाला काळ
फ्युत्यूर आंतेरिअरला घाबरू नका, आपण 'तोपर्यंत मी जेवलेलो असेन' म्हणतो ना, सेम तेच. आव्वार ('जवळ असणं') किंवा एत्र ('असणं') या मदतनीस क्रियापदाचं साधं भविष्यकाळी रूप घ्यायचं, पुढे मेन क्रियापदाचं भूतकाळी कृदंत, म्हणजे 'संपलेलं', 'निघालेली' असं रूप: 'झोरे फिनी', माझं संपलेलं असेल. जाणं-येणंवाल्यांना बहुतेक एत्र लागतं, 'एल सरा पार्ती', ती निघालेली असेल, लिहिताना इथे शेवटी जादा e अक्षर, उच्चार तोच.

खरी गोची 'कां' म्हणजे 'जेव्हा'नंतर होते, आपल्या डोक्यात 'काम झालं की फोन करतो' असतं म्हणून आपण भूतकाळ टाकून मोकळे, पण फ्रेंचला दोन्हीकडे भविष्य हवं: 'कां झोरे फिनी, झ तापेलरे', माझं संपलेलं असेल तेव्हा मी तुला फोन करेन.

आणि कोणी आलाच नाही तर 'इल ओरा राते सों त्रँ', ट्रेन चुकली असेल त्याची, हा अंदाजवाला वापर मला सगळ्यात आवडतो, अगदी आपलं 'असेल'!