सोलापुरात पॉट ब्लॅकसारखी स्पर्धा कशी घ्यायची

१९६९ ला बीबीसीनं पॉट ब्लॅक ही स्नूकरची टीव्ही स्पर्धा सुरू केली, आठ प्रोफेशनल प्लेअर बोलावले, मॅच फक्त एका फ्रेमची, म्हणजे एकाच डावाची, आणि पहिल्या वर्षी रे रीअर्डन जिंकला. रंगीत टीव्हीसाठी हा खेळ एकदम फिट होता. आपल्याकडं पण आठ जण धरा, नॉकआउट ठेवा, सात फ्रेममध्ये विषय संपतो, रविवारी आरामात होतंय.

टेबलाकडं मात्र नीट बघा. सोलापूरची धूळ कापडात बसली की हळू मारलेला बॉल वाकडा जातो, म्हणून प्रत्येक फ्रेमआधी ब्रश मारायचाच, तोही बॉल्कच्या (जिथनं ब्रेक मारतात त्या) बाजूनं ब्लॅक स्पॉटकडं (काळा बॉल ठेवतात त्या टोकाकडं), उलटा अजिबात नाही. एकच फ्रेम असल्यामुळं एक चूक झाली की माणूस घरी, त्यामुळं ब्रेकचा, म्हणजे फ्रेमचा पहिला शॉट जपून मारा.