पेटीचा हात आणि पियानोची व्हेलॉसिटी

नागपूरच्या महाल भागातल्या भजनी मंडळात मी दहाएक वर्षं पेटीवर साथ केली, म्हणून वाटलं कीबोर्ड जोडून कॉम्प्युटरवर पियानो वाजवणं म्हणजे काय मोठं, स्वर तर तेच. इथंच फसलो. पेटीचा लहानमोठा आवाज भात्यावर, पट्टी हलकी दाबा नाहीतर आपटा, फार फरक पडत नाही. पियानोत सगळा खेळ बोटाचा. त्याचं पूर्ण नावच पियानोफोर्ते, म्हणजे हळू-जोरात, पण नाव वाचतो कोण.

पट्टी किती वेगानं दाबली त्याचा १ ते १२७ मधला आकडा, म्हणजे व्हेलॉसिटी, सॉफ्टवेअरला जातो, हे तुम्हाला माहीत असेलच. माझं पहिलं रेकॉर्डिंग मे महिन्यातलं. नागपूरचा मे, कूलर फुल स्पीडवर, हेडफोनमध्ये धड ऐकू येईना म्हणून मी बडवत सुटलो. नंतर पियानो रोल, म्हणजे वाजवलेल्या नोटा आकड्यांसकट दाखवणारी खिडकी, उघडून पाहतो तर एकही नोट ११५ च्या खाली नाही अन् अर्ध्या तर १२७ ला चिकटलेल्या. चाल अंगाईची आणि पियानो वरातीतला! मग मी व्हॉल्यूम कमी केला. दोन रात्री ऑटोमेशनच्या, म्हणजे आवाज आपोआप वरखाली करणाऱ्या, रेघा ओढल्या, आवाज उतरला पण गोडवा काही येईना, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी चिडून पियानो ठोकून राहिला असं वाटायचं.

हे नीट समजून घ्या, कारण माझे दोन महिने यातच गेले. व्हेलॉसिटी म्हणजे व्हॉल्यूम नाही. सॅम्पलवाल्या पियानोत एकेक स्वर वेगवेगळ्या जोरानं वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. हलका मारलेला मऊ, जोरात मारलेला टणक आणि चमकदार. यातलं कोणतं रेकॉर्डिंग वाजणार ते व्हेलॉसिटी ठरवते, फेडर, म्हणजे व्हॉल्यूमची सरकपट्टी, त्याच्या नंतर येतो. म्हणजे १२० ची नोट फेडरनं कितीही खाली ओढा, ती जोरात मारलेलीच राहते, फक्त लांबून ऐकू येते. मी ज्यांचा ऑनलाइन क्लास लावला होता ते सर म्हणाले कॉम्प्रेसर लाव. अहो, कॉम्प्रेसर हळू-जोरातला फरक कमी करतो, इथं फरकच नव्हता! पैसे भरले होते म्हणून ऐकलं, दुसरं काय.

सुटका केली सदर भागातल्या एका काकांनी, ते चर्चमध्ये पियानो वाजवायचे. ऐकलं आणि म्हणाले, "काऊन रे, पियानोनं तुझं काय घोडं मारलं?" माउसला हात लावू दिला नाही. एकच सा दहा वेळा वाजवायला लावला, अगदी हलक्यापासून जोरापर्यंत. आकडे आले ९८, १०४, ११९ आणि मग नुसते १२७. म्हणजे माझा सगळ्यात हलका हातही ९८!

तर आधी ही चाचणी करा. मग व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे हाताच्या किती जोराला कोणता आकडा ते ठरवणारी सेटिंग, बदला, कीबोर्डमध्ये किंवा प्लगइनमध्ये (म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या पियानोत), दोन्हीकडे बदलला तर एकावर एक चढून गोंधळ होतो. हलका हात ३५-४०, नेहमीचा ६५-८०, जोर ११० च्या आसपास आला की पुरे. अंदाजासाठी, म्युझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये हळूची खूण ४९, मध्यम-जोराची ८० आणि जोराची ९६ धरलेली असते. आणि १२७ ला चिकटलेलं रेकॉर्डिंग वाचवत बसू नका, ४० वजा केले तर सगळ्या ८७ वर येतील, मधला फरक गेला तो गेलाच. पुन्हा वाजवा.

माणसानं वाजवल्यासारखं वाटावं म्हणून असलेलं ह्युमनाइजचं बटण मला बिलकुल पटत नाही. ते आकडे वरखाली हलवतं, पण चाल कुठं दम घेते हे त्याला काय माहीत? त्यापेक्षा डावा हात पन्नाशीत ठेवा, वरची चाल पंचाहत्तरीत, अर्धं काम तिथंच होतं.

पेटीवाल्यांनी घाबरू नये, लय आणि कान आपल्याकडे तयारच असतात, बोटं हलकी व्हायला मला चारेक महिने लागले. रेकॉर्डिंग मात्र कूलर बंद करूनच. मी पहाटे पाचला बसतो, साडेसहाला समोरच्यांची पाण्याची मोटर सुरू होते, तेवढ्यात जे होईल ते.