चेंडू कोर्टात गेला म्हणून वकील गाठू नका: इंग्रजी वाक्प्रचारांच्या या चुका टाळा

सांगलीत इंग्रजीचा क्लास घेता घेता केस पिकले. व्याकरणाच्या चुकांचं आता काही वाटत नाही, पण वाक्प्रचाराचं शब्दशः मराठी करणाऱ्यांनी डोकं उठवलंय.

माझा एक विद्यार्थी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर ईमेल बघायचा. लंडनच्या गिऱ्हाइकानं आपला भाव कळवून खाली लिहिलं, 'द बॉल इज इन युवर कोर्ट.' पोरानं शेठना सांगितलं, पार्टी कोर्टात चाललीय! शेठनी वकील गाठला. वकील म्हणाले, लेखी काही देऊ नका. तिसऱ्या दिवशी मेलची प्रिंट घेऊन पोरगं माझ्याकडं आलं. अरे बाबा, हे कोर्ट टेनिसचं! चेंडू तुमच्या बाजूला आलाय, आता तुम्ही टोलवा, एवढंच. तोवर गिऱ्हाइकानं माल दुसरीकडून उचलला होता.

ओळखीचे वाटणारे वाक्प्रचार तर जास्त फसवतात. आपल्याकडं पाय ओढणारा म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणारा. इंग्रजीत 'पुलिंग माय लेग' म्हणजे निव्वळ थट्टा. कुपवाडला मुलाखतीत एका मुलीनं आधीची नोकरी सोडायचं कारण हेच सांगितलं. समोरच्यांना वाटलं, हिला साधी चेष्टा सोसत नाही. त्यात 'लेग्ज' म्हणाली. लेग एकच असतो, बरं का.

'पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे तिखटमीठ लावणं नव्हे. ऐकलेलं सगळं खरं धरू नका, असा अर्थ. 'टेबल'ला जपा: ब्रिटिश माणूस प्रस्ताव 'टेबल' करतो तेव्हा चर्चेला घेतो, अमेरिकन बाजूला ठेवतो. आणि मुसळधार पावसासाठीचं 'कॅट्स अँड डॉग्ज' सोडा आता! 2019 च्या महापुरावरच्या निबंधांतही कुत्रीमांजरं पडत होती. घरात पाणी शिरल्याचं लिहिताना असली गमतीची भाषा शोभते का?

एका दिवसात शंभर वाक्प्रचार शिकवणारे व्हिडिओ मला दाखवू नका. मी वही ठेवतो. डाव्या पानावर भेटलेलं पूर्ण वाक्य. उजव्या पानावर कोण कुणाला, कशावरून म्हणालं ते, आणि खाली जवळचा मराठी वाक्प्रचार. 'टर्न अ ब्लाइंड आय'खाली 'कानाडोळा करणे' चपखल बसलं. 'ब्रेक द आइस'खाली कुणी 'कोंडी फोडणे' सुचवतं, पण कोंडी अडलेल्या बोलण्यांची. इथं नुसता पहिल्या भेटीतला अवघडलेपणा असतो. ती जागा अजून रिकामीच आहे.