ऑइल प्रेशरचा काटा मध्येच पडतो? या चुका टाळा

काटा खाली जाऊन तिथेच राहिला तर कोणीही गाडी थांबवतो. पण सिग्नलला पडला आणि रेस देताच वर आला, की लगेच निदान होतं: 'सेन्सर गेला असेल.' अनेकदा खरंच सेन्सर निघतो. तरी सिद्ध होईपर्यंत काटा खरं बोलतोय असंच धरा. लाल दिव्याचं तर आणखी वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत तो प्रेशर 0.3 ते 0.5 बारपर्यंत उतरल्यावर लागतो, म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. दिव्यासोबत खडखड ऐकू आली तर 'गॅरेजपर्यंत नेऊ' म्हणू नका, इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या.

डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघा. लेव्हल कमी असेल तर वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला ऑइल चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सरळ रस्त्यावर मात्र काटा जागेवर! लेव्हल वाढलेली दिसली तरी निर्धास्त होऊ नका. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर इंधन मिसळून ते पातळ झालंय.

यानंतरचं काम लोक हमखास टाळतात. सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज, म्हणजे विजेशिवाय थेट प्रेशर दाखवणारा मीटर, लावायचा. तोही थंड इंजिनावर लावून 'प्रेशर चांगलं आहे' म्हणणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण थंड ऑइल घट्ट असतं आणि प्रेशर चांगलंच दाखवतं. इंजिन पुरतं तापू द्या, आयडलिंगला आकडा घ्या, मग 2000 आरपीएमला. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय हा ढोबळ हिशोब झाला. शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

गेज ठीक आणि डॅशबोर्डचा काटा खाली, म्हणजे दोष विजेच्या बाजूला. कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलंय का, पिन सैल आहे का बघा, इंजिन चालू ठेवून वायर हलवा. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतून मिळतं. तिथे टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की नवा सेन्सरही चुकीचं दाखवतो.

गेजवरही प्रेशर पडलं तर ते कधी पडतं ते नोंदवा. गरम आयडलिंगला पडून रेसला सावरत असेल तर झिजलेली बेअरिंगं, दमलेला पंप किंवा पातळ ऑइल. रेस वाढवल्यावर पडत असेल तर गाळाने चोक झालेली जाळी किंवा सक्शन पाइपची हवा ओढणारी ओ-रिंग. कसलाच मेळ लागत नसेल तर जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकतोय का पाहा.

इथे घट्ट ग्रेडचं ऑइल भरायचा मोह होतो. काटा वर येतो, पण प्रेशर म्हणजे ऑइलच्या वाहण्याला होणारा अडथळा. थंड स्टार्टला तेच घट्ट ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचतं. जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात फ्लश (आतला गाळ धुऊन काढणारं द्रव) ओतणंही तसंच. सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो. त्यापेक्षा चेंबर उतरवा. तळाशी चमकणारा चुरा दिसला तर नुसता पंप बदलून भागणार नाही, बेअरिंगं उघडावीच लागतील.