इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर: बायोसमध्ये व्होल्टेज कसं आवरायचं

गेम उघडताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा एरर येतो, आणि ग्राफिक्स कार्डात मेमरी तर भरपूर असते. पीसीत आय९-१३९००के किंवा १४९००के असेल तर नवं कार्ड घ्यायला धावू नका, आधी संशय प्रोसेसरवर घ्या. या दोन पिढ्यांचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, हे इंटेलनं २०२४मध्ये मान्य केलं. त्यानं चिप हळूहळू झिजते, आणि झिजलेली चिप कुठल्याही अपडेटनं सुधारत नाही. म्हणून पीसी धड चालतोय तोवरच हे काम उरकून घ्या.

१. बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलची, आपल्याच रिव्हिजनची फाइल घ्या. तिच्या माहितीत मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा संच) ०एक्स१२बी (0x12B) किंवा त्यानंतरचा हवा. फाइल फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवा, अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं. फ्लॅश, म्हणजे नवं बायोस बोर्डावर लिहिणं, चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. तेव्हा पीसी यूपीएसवर ठेवा. वळवाचा गडगडाट सुरू असेल तर काम उद्यावर टाका.

२. ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. आय९च्या के मॉडेलसाठी परफॉर्मन्स प्रोफाइलमध्ये पीएल१ आणि पीएल२ (दीर्घ आणि अल्प काळाची वीजमर्यादा) दोन्ही २५३ वॉट, आयसीसीमॅक्स (करंटची कमाल मर्यादा) ३०७ अँपिअर. तिथे ४०९५ वॉट दिसलं तर समजा, बोर्डानं मर्यादाच काढून टाकली आहे. बेंचमार्कमध्ये (वेग मोजणाऱ्या चाचणीत) दोन आकडे वर दिसावेत म्हणून हा खटाटोप. चिप मात्र आपली जाते. आसुसच्या बोर्डावर ‘मल्टिकोर एन्हान्समेंट’ही (मर्यादा उठवणारी सोय) बंद करा. अपडेटमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवणारं सेटिंग) बंद झालेलं असतं, ते सगळं स्थिर झाल्यावर लावा.

बहुतेकांनी इथेच थांबावं.

३. व्होल्टेज आणखी खाली आणायचं असेल तर कोअर (प्रोसेसरचा काम करणारा भाग) व्होल्टेजला ‘मॅन्युअल’, म्हणजे एकच ठरलेला, आकडा देऊ नका. ‘ऑफसेट’ किंवा ‘अडॅप्टिव्ह’ घ्या, म्हणजे मूळ व्होल्टेजमधून थोडं वजा होईल, आणि उणे ०.०२५ व्होल्टपासून सुरुवात करा. चिन्हाकडे नीट बघा: काही बोर्डांवर ते आपोआप अधिक असतं. ते उणे न करता आकडा भरलात तर व्होल्टेज कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. पीसी सुरूच झाला नाही तर प्लग काढून सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर आणा.

४. तपासा, पण योग्य वेळी. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवून तापमान बघितलं की झालं, असं अनेकांना वाटतं. इथली गंमत उलटी आहे. सगळे कोअर राबत असताना व्होल्टेज खाली असतं. ते उसळतं ब्राउझर उघडताना, एखाददुसरा कोअर पूर्ण वेगानं धावतो तेव्हा. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO, व्होल्टेज-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून तासभर रोजचं काम करा आणि व्हीकोअरचा ‘मॅक्सिमम’ रकाना बघा. व्हीआयडी ही मागणी, व्हीकोअर हा प्रत्यक्ष पुरवठा. नव्या मायक्रोकोडनं मागणीला १.५५ व्होल्टची वेसण घातली आहे. व्हीकोअर त्याच्या बराच खाली राहायला हवा.

एवढं करूनही क्रॅश थांबत नसतील तर व्होल्टेज वाढवून दिवस ढकलू नका, वॉरंटी मागा. खोक्यातून सुटा घेतलेल्या या प्रोसेसरची मुदत इंटेलनं दोन वर्षांनी वाढवून पाच केली आहे. तयार पीसी घेतला असेल तर बिल घेऊन विक्रेत्याकडे जा.