आजी, मामा, मावशीला मुलाचा ताबा: आधीच्या केसेस शोधायच्या कशा

आधीच सांगते मी वकील नाहीये. गेल्या वर्षी आमच्याच घरातल्या एका प्रकरणासाठी महिनाभर रात्री जागून हे शोधत होते, त्यातला पहिला आठवडा तर अक्षरशः वाया गेला, तो तुमचा जाऊ नये म्हणून लिहितेय.

वाया का गेला तर मी नुसतं 'चाइल्ड कस्टडी' टाकून शोधत होते. त्याने सगळी नवराबायकोची भांडणं वर येतात. आपल्याला नात्याने शोधायचंय, आणि निकाल इंग्रजीत असतात, तिथे आत्या मावशी काकू मामी सगळ्या एकजात आंट (काय ती गरीब भाषा!). म्हणून मावशी असेल तर 'मॅटर्नल आंट', आत्या असेल तर 'पॅटर्नल आंट', मामाला 'मॅटर्नल अंकल', आईच्या आईला 'मॅटर्नल ग्रँडमदर', असं इंग्रजी स्पेलिंगने टाका आणि जोडीला 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट'. हा कायदा 1890 चा आहे, अजून चालतो, आणि त्याच्या कलम 8 प्रमाणे कुठलाही नातेवाईक, अगदी मित्रसुद्धा पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो.

शोधायचं कुठे? इंडियन कानून ही निकालांची वेबसाइट फुकट आहे, सुरुवात तिथूनच करा. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर (कोर्टाचीच ऑनलाइन निकालांची सोय) फुकट मिळतात, काहींचं मराठी भाषांतरपण आहे, घरच्या मोठ्या माणसांना वाचायला द्यायला बरं पडतं. फॅमिली कोर्टाचे स्वतःचे निकाल मात्र असे सहसा सापडत नाहीत, आणि सुनावणीही एका बाजूने मागितली तरी बंद दाराआड घ्यावी लागते. त्यामुळे आपल्या हाताला लागतात ते मुख्यतः हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निकाल सापडला की कोण जिंकलं हे नंतर बघा, आधी बघा की आईवडिलांपैकी कोण हयात होतं. दोघंही नाहीत, की एकजण आहे आणि मूल परत मागतोय, या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत, त्यांचे दोन वेगळे गठ्ठे करा.

दोघंही नसलेल्यांत 2022 चा गुजरातचा निकाल नक्की वाचा. कोविडमध्ये आईवडील दोघं गेले, हायकोर्टाने मुलगा मावशीकडे दिला कारण ती आजीआजोबांपेक्षा वयाने लहान, अविवाहित, सरकारी नोकरीतली, आणि सुप्रीम कोर्टाने ते फिरवून वडिलांकडच्या आजीआजोबांना दिला. म्हणजे वय आणि पगार एवढ्यावर भागत नाही.

वडील हयात असतील तर सुप्रीम कोर्टाचे तीन निकाल एकत्र वाचायचे (एससीसी म्हणजे निकाल छापणारी ग्रंथमाला, आधीचा आकडा खंडाचा, नंतरचा पानाचा, शोधताना वर्षासकट तसंच टाका). 1992 चा (3 एससीसी 573), त्यात वडिलांवर 498अ चा (बायकोचा छळ केल्याचा) खटला होता, मुलांनी न्यायाधीशांना आम्हाला मामाकडेच राहायचंय असं सांगितलं, ताबा मामाला मिळाला. 2009 चा (7 एससीसी 322), बाळंतपणात आई गेली, मुलीला आजीने वाढवलं, ती आजीकडेच राहिली. आणि 2019 चा (7 एससीसी 42), हा आपल्या मुंबई हायकोर्टातून वर गेलेला, आई कॅन्सरने गेली, वडील मध्ये आजारी होते म्हणून बाळ मावश्यांनी सांभाळलं, पण वडील बरे झाल्यावर हेबियस कॉर्पसमध्ये (बेकायदा ताब्यात ठेवलेल्याला कोर्टापुढे आणा अशी याचिका) ताबा त्यांना मिळाला. हा तिसरा आपल्याला आवडत नाही म्हणून बाजूला टाकू नका, समोरचा वकील तोच काढणार आहे!! आमच्याकडे तेच झालं.

वाचताना वहीत चारच गोष्टी लिहा, मुलाचं वय, किती वर्षं कोणाकडे होतं, कोर्टाने मुलाला विचारलं का, आणि केस पालकत्वाच्या अर्जाची होती की हेबियस कॉर्पसची. कारण हेबियस कॉर्पसमध्ये साक्षीपुरावे सहसा तपासत नाहीत, मुद्दा बेकायदा ताब्याचा असतो, तिथलं वाक्य उचलून अर्जात घातलं तर बसेलच असं नाही. मग 1890 च्या कायद्याचं कलम 17 आणि हिंदू असाल तर 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचं कलम 13 काढून ठेवा, मुलाचं हित सगळ्यात वर हे तिथेच लिहिलंय.

हो आणि निकाल पुढे वर जाऊन फिरलाय का हे बघाच, मी एक हायकोर्टाचा निकाल कौतुकाने प्रिंट काढून नेला होता, वकीलबाईंनी दोन मिनिटांत सांगितलं हा रद्द झालाय, इतकं ओशाळल्यासारखं झालं.

स्वतःच्या केसची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून दिसते, 16 अक्षरांचा असतो, तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. अर्ज मूल नेहमी राहतं त्या जिल्ह्यात करायचा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनला फोन करा, बाईला उत्पन्न न बघता विधी सेवेचा वकील मिळतो, आमच्या आजीला तसाच मिळाला.