पहिलं छोटं वुड लेथ घेताना: जे नंतर बदलत नाही ते आधी बघा

छोट्या वुड लेथच्या, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्राच्या, जाहिरातीत दोन आकडे ठळक असतात. पहिला स्विंग, म्हणजे बेडला (मशीनच्या खालच्या आडव्या पायाला) न घासता जास्तीत जास्त किती व्यासाची वस्तू फिरेल. दुसरा दोन सेंटरांमधलं (लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या अणींमधलं) अंतर, म्हणजे किती लांब लाकूड अडकवता येईल. ८ × १२, १० × १८, १२ × १८ असे ते इंचात लिहिलेले असतात. दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन स्वयंपाकघरात जा आणि लाटणं मोजा. बहुतेक लाटणी ३० ते ३५ सेंटिमीटर भरतात, शिवाय दोन्ही टोकांना सेंटर रुतण्यासाठी थोडं वाया जाणारं लाकूड लागतं. १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर. त्यामुळे ८ × १२ च्या लेथवर नेहमीचं लाटणं बसत नाही, आणि ९ इंची पोळपाट तर नाहीच नाही. भोवरे, पेन, चौरंगाचे पाय, देवघराचे छोटे खांब एवढंच करायचं असेल तर ते पुरतं. लाटणं-पोळपाट दोन्ही हवं असेल तर १० × १८ च्या खाली उतरू नका. त्यावरही ९ इंचाची चौकोनी फळी फिरणार नाही, कारण तिचा कर्ण १२.७ इंच होतो. चकती जिगसॉने गोल कापूनच मशीनवर चढवावी लागते.

स्वस्त मशीनमध्ये काही ना काही उणं असणारच, म्हणून कोणतं उणं पुढे भरून काढता येतं ते आधी ठरवा. बेअरिंग बदलता येतात. स्पिंडलला (मोटारीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) ६२०४ किंवा ६२०५ नंबरची असतील तर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. पट्टा बदलतो, टूलरेस्ट (टूल टेकवायची दांडी) वेल्डरकडून नवा करून घेता येतो, स्विच तर किरकोळ गोष्ट. बेड, स्पिंडलचे आटे आणि टेपर (सेंटर घट्ट बसायचं निमुळतं भोक) मात्र जन्मभर तसेच राहतात. सगळ्यात कमी वेगही यांच्यातच धरा, कारण तो खाली आणायला बराच खर्च येतो. पैसे या चार गोष्टींवर घाला.

बेड

बेड बिडाचा हवा. १० × १८ चं बिडाचं लेथ साधारण ३५ ते ४५ किलो भरतं, आणि हे वजनच कंपन गिळतं. त्याच किमतीत ४० इंच लांबीचं, एका चौकोनी पाइपवर किंवा दोन गोल नळ्यांवर उभं केलेलं लेथ दाखवतात. लांबी बघून भुलायला होतं. त्यावर मधोमध टूल टेकवलं की नळी वाकते, लाकूड थरथरतं आणि पृष्ठभागावर वळसे उमटतात. दुकानातच तपासा: दोन सेंटरांमध्ये एक दांडकं घट्ट अडकवा आणि बेडच्या मध्यावर तळव्याने जोर द्या. डोळ्याला दिसण्याइतका बेड दबला तर पुढे जाऊ नका.

आटे आणि टेपर

स्पिंडलच्या बाहेरच्या आट्यांवर चक (जबड्यांनी लाकूड पकडतो तो) आणि फेसप्लेट (स्क्रूने लाकूड लावायची धातूची चकती) चढतात. १ इंच–८ आटे (१ इंच जाडी, इंचाला ८ आटे) किंवा एम ३३ × ३.५ (३३ मिलिमीटर जाडी, ३.५ मिलिमीटरवर एक आटा) असेल तर चांगले वुड-टर्निंग चक थेट बसतात. लहान आणि नळीवाल्या मशीनवर बऱ्याचदा एम १८ × २.५ किंवा पाऊण इंच–१६ आटे असतात. अडॅप्टर लावून काम भागतं, पण चक बेअरिंगपासून दोनेक सेंटिमीटर पुढे जातो आणि थोडी वाकडी फिरकीही पदरात पडते. विक्रेत्याकडून आट्यांचं माप लेखी घ्या. 'सगळे चक बसतात' हे उत्तर नव्हे.

स्पिंडल आणि टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा सरकता भाग) या दोन्हींच्या आत मोर्स टेपर हा ठरलेल्या मापाचा टेपर हवा, शक्यतो एमटी २ (मोर्स टेपर नंबर २). तो असला की लाइव्ह सेंटर (लाकडाबरोबर फिरणारा), ड्रिल चक, स्पर सेंटर (दातांनी लाकूड फिरवणारा) बाजारातून कुणाचेही घेता येतात. एमटी १ चालतो, फक्त निवड कमी. टेपरच नाही, टोकदार खिळा कायमचा बसवलाय, असं मशीन सोडून द्या. स्पिंडल आरपार पोकळ आहे ना, तेही बघा. नसेल तर आतला सेंटर मागून दांड्याने ठोकून काढता येत नाही.

वेग आणि मोटार

वेगाचा ढोबळ हिशोब असा: इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. ९ इंची पोळपाटाला हे साधारण ६७० ते १,००० होतात. चकती अजून तोललेली नसते, तेव्हा याहून कमी, ५०० च्या आसपास सुरुवात बरी. पाच पुल्यांच्या स्वस्त लेथचा सगळ्यात कमी वेग बहुधा ७५० च्या आसपास असतो, त्यामुळे चकती नीट गोल कापलेली आणि मध्य अचूक काढलेला असेल तरच त्यावर निभतं. सगळ्यात कमी वेग १,००० च्या वर असलेलं मशीन पोळपाट-वाट्यांसाठी घेऊच नका. पट्टा चुकून ३,२०० च्या पुलीवर राहिला तर ९ इंची चकतीची कड ताशी जवळपास १३८ किलोमीटरने फिरते. मशीन चालू करण्यापूर्वी पट्टा कुठे आहे हे दरवेळी बघायचं ते यासाठी.

१० इंची लेथला अर्धा एचपी, म्हणजे ३७० वॉटची मोटार पुरते. काप खोल गेला तर ती थांबते, आणि नवशिक्याला ते एका अर्थी बरंच. नॉबने वेग बदलणारं मशीन पुलीवाल्यापेक्षा महाग असतं, पण परवडत असेल तर त्या जादा पैशांचं चीज होतं. पुलीवाल्याला घरचा फॅन रेग्युलेटर लावून वेग कमी करण्याचा जुगाड करू नका. सिंगल फेज इंडक्शन मोटारीचा वेग तसा उतरत नाही, मोटार तापते आणि जळते. परदेशातून कुणी मशीन आणणार असेल तर मोटारीची पाटी आधी वाचा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचं मशीन इथे ट्रान्सफॉर्मर लावूनही नीट चालेलच असं नाही.

वीज जाऊन परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी नो-व्होल्ट स्विच लागतो. नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आणि अर्थिंग तपासून घ्या.

दोन स्वस्त पर्याय

हातातलं ड्रिल अडकवून चालणारे स्टँड मिळतात. ड्रिलची ब्रशवाली मोटार सतत चालण्यासाठी बनवलेली नसते आणि तिच्या बेअरिंगना बाजूने दाब सोसत नाही. थोड्याच दिवसांत ड्रिलही जातं. दुसरा प्रकार अॅल्युमिनियमच्या पट्टीवरचं २४ व्होल्टचं छोटं लेथ. त्यात वेग असतो, पण जोर नसतो. मणी, भोवरे, अंगठ्या करायच्या असतील, दोनेक इंचांच्या आतलं काम असेल, फ्लॅटच्या बाल्कनीत आवाज न करता बसायचं असेल, तर ते वाईट नाही. 'हे घेऊन बघू, जमलं तर मोठं घेऊ' असं म्हणून घेणार असाल तर मात्र थांबा. जोर नसलेल्या मशीनवर टूल अडकतं आणि खोट आपल्या हातात आहे असं वाटायला लागतं.

समोर मशीन असताना

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा हत्यारांच्या बाजारात प्रत्यक्ष हाताळून घेता आलं तर ऑनलाइनपेक्षा केव्हाही चांगलं. ऑनलाइन घेतलंच तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. बिडाच्या पायाला वाटेत तडा जाणं नवं नाही. जुन्या मशीनलाही हीच तपासणी लावा:

- टेलस्टॉक पुढे आणून दोन्ही सेंटरांची टोकं भिडवा. वरून आणि बाजूने बघा. केसभर फरक लाटण्याला चालतो, पण तेवढ्याने भोक पाडताना ड्रिल वाकडं जातं. एक मिलिमीटर दिसत असेल तर मशीन नको.
- स्पिंडल हाताने धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलं किंवा सैल आहे. मग पट्टा काढून फिरवा. घरघर ऐकू येते ती आता, पट्टा असताना नाही.
- टेलस्टॉक आवळा, मध्ये लाकूड धरून चाक पिळा. टेलस्टॉक मागे सरकला तर पकड कच्ची आहे.
- टूलरेस्टचा आधार आवळून वरची दांडी दोन्ही हातांनी वळवून बघा. ती फिरली तर काम करताना नेमक्या वाईट क्षणी फिरेल.
- दहा मिनिटं रिकामं चालवा. मोटार कोमट होणारच. पण एवढ्यातच हात ठेववेना, तर वाइंडिंगमध्ये गडबड आहे.

टूलरेस्टच्या कडेला ओतकामाचे खरबरीत कण असतील तर ते दोष नाहीत. कानशीने आणि पॉलिश पेपरने अर्ध्या तासात निघतात. न काढता काम केलंत तर टूल सरकताना अडखळतं आणि तोच अडथळा लाकडावर उमटतो.

पैशांची वाटणी

हातात १०० रुपये असतील तर मशीनवर ५५ ते ६० च खर्च करा. उरलेल्यात टूल, धार लावायची सोय आणि चेहऱ्याची ढाल येते. याविना लेथ नुसती फिरणारी मोटार आहे.

सुरुवातीला चार टूल पुरतात: रफिंग गाऊज (चौकोनी लाकूड गोल करायची खोलगट पटाशी), अर्धा इंच स्पिंडल गाऊज (बारीक आकारांची खोलगट पटाशी), पार्टिंग टूल (तुकडा वेगळा कापायचं) आणि एक गोल स्क्रेपर (खरवडायचं). पोळपाट-वाट्यांसाठी पुढे बाउल गाऊज घ्या. रफिंग गाऊज फक्त दोन सेंटरांमधल्या लांब लाकडासाठी. वाटीच्या कामात त्याची बारीक शेपटी मोडते. पोलाद एचएसएस (हाय स्पीड स्टील) असावं. आठ टूलांचा स्वस्त संच बहुतेक कार्बन स्टीलचा असतो. ग्राइंडरवर टेकवून खात्री करा: फुलबाजीसारख्या पांढऱ्या, फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर कार्बन, आखूड लालसर आल्या तर एचएसएस. कार्बन स्टील धार लावताना निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, म्हणून ते सारखं पाण्यात बुडवावं लागतं. एचएसएस पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

ग्राइंडर ६ इंचीच घ्या, पण सोबत आलेला करडा दगड काढून ६० किंवा ८० ग्रिटचा पांढरा दगड बसवा. चार जबड्यांच्या चकची मात्र घाई नको. तो घ्याल तेव्हा एका चावीने चारही जबडे एकत्र सरकणारा, वुड लेथसाठी बनवलेलाच घ्या. धातूकामाच्या चकचे जबडे बाहेर येतात आणि फिरताना दिसत नाहीत. बोटाची पेरं फुटतात ती तिथे. तोवर फेसप्लेट पुरे. पोळपाटाच्या खालच्या बाजूला ती स्क्रूने लावा, भोकं पुढे पायांखाली झाकली जातात. स्क्रू लाकडाचे जाड घ्या, १२ ते १५ मिलिमीटर आत शिरतील असे. काळे ड्रायवॉल स्क्रू ठिसूळ असतात आणि धक्क्याने मोडतात.

बसवणं आणि पहिलं लाकूड

स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या उंचीला यायला हवा. याहून खाली असेल तर पाठ धरते. मशीन जाड फळीवर बोल्टने घट्ट बसवा आणि टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा.

पहिल्या दिवशी साग नको. त्यात सिलिका असते, धार लवकर जाते आणि नवशिक्याला चूक हाताची की धारेची हे कळत नाही. फर्निचरवाल्याकडचे आंब्याचे किंवा शिसवाचे गाठ नसलेले तुकडे चांगले. हेद मिळाला तर उत्तम. चन्नपट्टणची खेळणी ज्यापासून करतात तो काळा कुडाही कातायला गुळगुळीत. जुन्या दारांचं लाकूड खिळ्यांसाठी नीट तपासल्याशिवाय नको.

दीड-दोन इंच चौकोनी, ८ इंच लांब तुकडा घ्या. दोन्ही टोकांना कर्ण काढून मध्य ठरवा. एका टोकाला कर्णांवर करवतीने ३ मिलिमीटर खाचा पाडा आणि स्पर सेंटर लाकडी हातोड्याने त्यात ठोका. हे काम टेबलावर करा. मशीनवर ठोकलं तर मार बेअरिंगला बसतो. मग मशीनवर चढवून टेलस्टॉक आवळा. टूलरेस्ट लाकडापासून ४-५ मिलिमीटरवर ठेवा, लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवा, कुठे लागत नाही ना बघा. चेहऱ्याची ढाल खाली, सैल बाह्या वर, केस बांधलेले, ओढणी आणि गळ्यातलं काढून ठेवलेलं. हातमोजे अजिबात नकोत. स्विच दाबताना लाकडाच्या रेषेत समोर उभं न राहता बाजूला राहा.

वेग चौकोनी कोपरे जाईपर्यंत १,००० च्या आसपास, गोल झाल्यावर १,६०० ते २,०००. वरच्या हिशोबाने याहून जास्त येतो, पण सुरुवातीला एवढाच ठेवा. टूल आधी टूलरेस्टवर टेकतं, मग त्याची पाठ लाकडाला घासते, आणि त्यानंतर मूठ हळूहळू उचलली की धार कापायला लागते. टूल एकदम खाली खेचलं जाऊन 'खट्' आवाज आला, तर धार पाठीच्या आधाराविना लाकडात शिरली होती किंवा टूलरेस्ट फार लांब राहिला होता. लाकूड गोल होत जातं तसा टूलरेस्ट मशीन बंद करून जवळ आणत राहा. स्पर जागेवर फिरून लाकडाला भोक पाडतोय असं दिसलं तर टेलस्टॉक सैल झालाय. लाकूड तापतं आणि आकसतं, त्यामुळे दर काही मिनिटांनी चाक थोडं पिळावं लागतं. वेग वाढवला की थरथर वाढली, तर आधी वेग कमी करा, मग बोल्ट तपासा.

फेसप्लेट किंवा चक स्पिंडलवर इतका आवळला जातो की निघत नाही. तो चढवण्यापूर्वी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेली पातळ चकती स्पिंडलच्या खांद्याशी, आटे संपतात तिथे, घाला, पुढच्या वेळी हाताने सुटेल.